आठ दिवसांत पाच किलो? जाहिरातीचा हिशोब आणि आपल्या घरातल्या मुली

मोबाईल हातात घेतला की थोड्याच वेळात एक तरी रील अशी येतेच. डावीकडे उदास चेहऱ्याची जाड बाई, उजवीकडे तीच बाई सडपातळ आणि हसरी. खाली ओळ असते, 'आठ दिवसांत पाच किलो वजन कमी!' आपण थांबतो, पाहतो आणि कधी कधी दिलेला नंबरही सेव्ह करून ठेवतो.

हा दावा एकदा कागदावर मांडून पाहू या. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पाच किलोच्या झाल्या ३८,५००. आठ दिवसांत एवढ्या घटवायच्या तर रोज जवळपास ४,८०० कॅलरींची तूट हवी. घरकाम करणारी स्त्री दिवसभरात सुमारे २,००० कॅलरी खर्च करते. म्हणजे तिने आठ दिवस पाण्याशिवाय काहीच घेतले नाही तरी हिशोब जुळत नाही!

मग काटा खाली येतो कसा? जेवण तोडले की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरते आणि तिच्यासोबत साठलेले पाणी बाहेर पडते. पाणी जाते, चरबी बरीचशी तिथेच राहते. नीट जेवायला लागले की वजन परत येते. विकणारा म्हणतो, 'तुम्ही नियम पाळले नाहीत.' पैसेही आपले जातात आणि दोषही आपल्याच माथी येतो.

नुकसान फक्त पैशांचे असते तर गोष्ट वेगळी होती. फिजी या बेटांच्या देशात भरलेले शरीर चांगले मानले जायचे. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. संशोधक अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आढळली नाही. तीन वर्षांनी तशाच वयाच्या मुलींना विचारले, तर शंभरात अकराजणी तसे करत होत्या. हे सगळे फक्त टीव्हीनेच घडवले असे म्हणता येणार नाही, पण पडद्यावरच्या बायकांसारखे दिसायचे आहे, हे मुलींनी स्वतः सांगितले होते. आपल्या मुलींच्या तर हातातच पडदा आहे.

लठ्ठपणा ही खरी समस्या आहे, हे आम्ही नाकारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आहे. पण त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि ५७ टक्के रक्तक्षय असलेल्या आढळल्या. रीलला समोरची मुलगी यांपैकी कोणती, हे ठाऊक नसते. ती सगळ्यांना एकच सल्ला देते, 'कमी खा.'

कायदा काय म्हणतो? १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचा समावेश आहे. म्हणजे लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची लोकांसमोर जाहिरात करण्यास मनाई आहे. डब्यावर 'औषध'ऐवजी 'पूरक आहार' लिहून विक्रेते यातून निसटू पाहतात. २०२३ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार आरोग्याचा सल्ला देत जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता सांगणे आवश्यक आहे. तेव्हा पुढच्या वेळी पावडरीचे गुण नंतर ऐकू, बोलणाऱ्याचे शिक्षण आधी विचारू.

रमजान आला की 'तीस रोजे, दहा किलो कमी' असे व्हिडिओ फिरू लागतात. रोजा ही इबादत आहे, तिला डाएट प्लॅन करून टाकण्यात कोणाचा फायदा आहे, हे ओळखायला हवे.

आणि थोडे स्वतःकडेही पाहू या. 'जरा जाड झालीस, आता स्थळ कसं मिळणार?' हे वाक्य मोबाईलमधून येत नाही, ते आपल्याच दिवाणखान्यात बोलले जाते. जाहिरात त्याच जखमेवर धंदा करते. वजनाची काळजी वाटत असेल तर मुलीला डॉक्टरकडे न्या, रक्त तपासून घ्या, घरातले सगळेच रोज अर्धा तास चाला. पण तिच्या ताटातली भाकरी मोजू नका.