शेजाऱ्याशी बोलण्याची बंदी

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि १५ देश उभे राहिले. त्यांच्यात लढाया झाल्या, तहही झाले; पण वकील कोणाकडे पाठवायचा हे ठरवण्याचा हक्क कायद्याने ज्याचा त्याच्याकडे होता. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा आमच्याकडे नेमके हेच नाकारले गेले.

सातारचे प्रतापसिंह आणि सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांनी १८१९ साली कंपनीशी तह केले, पण वेगवेगळे. सातारच्या तहातले एक कलम नीट पाहिले पाहिजे. परक्या सत्तेशीच नव्हे, तर आपल्या अमलाबाहेरच्या कोणाही सरदार-जहागीरदाराशी राजाने परस्पर संबंध ठेवायचा नाही. म्हणजे सांगलीशीही नाही! जे बोलायचे ते रेसिडेंटमार्फत. फोडा आणि झोडा म्हणतात ते असे कागदावर उतरते.

गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त संधान बांधल्याचा ठपका ठेवून १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. भाऊ शहाजी गादीवर आले; १८४८ साली ते वारले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा. सांगली १९४८ पर्यंत टिकली.

राजाचे पत्र गुन्हा ठरत होते, त्याच काळात गावोगावचा महार वतनी कामापोटी सरकारी निरोप घेऊन पायी धावत होता. त्याला कोणत्या तहात जागा होती?

सातारचा वकील सांगलीला जाऊ शकत नव्हता. रंगो बापूजी मात्र लंडनला गेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथे दाद मागत राहिले.