अंगी आलं, पण पदरात पडलं का?

लेखमाला : नोकरीच्या वाटेवर – भाग ७

निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मशिनची सुई मोडली, की लगेच दुसरी लावून काम पुढं रेटता येत नाही. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, जमा करायचे, त्याची नोंद करायची आणि मगच नवी सुई हाती पडते. कारण एखादा तुकडा शर्टाच्या कॉलरमध्ये राहिला आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला टोचला, तर सगळा माल अडचणीत येतो. तुकडा सापडेपर्यंत मागून येणारे बंडल साचत जातात आणि पुढच्या मशिनवरच्या बायका हात बांधून बसतात. तासाचं टार्गेट मात्र तसूभर हलत नाही. अशा वेळी एक बाई तिथल्या तिथं सुपरवायझरला हाक मारते : सुई मोडलीय, तुकडा मिळत नाहीये, तोवर हे बंडल पलीकडे द्या. दुसरी बाई ओरडा बसेल या धास्तीनं खाली मान घालून एकटीच शोधत राहते. दोघींच्या हातची शिलाई सारखीच सुबक असेल, पण दिवसअखेर लाइनवरून उतरलेल्या शर्टांची संख्या सारखी नसते.

या फरकाला सॉफ्ट स्किल्स म्हणतात. नीट बोलणं, नीट ऐकणं, अडचण वेळेवर सांगणं, वेळेचा हिशेब ठेवणं, चिडलेल्या माणसासमोर डोकं शांत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. ही कौशल्यं फक्त कॉर्पोरेट ऑफिसातल्यांसाठी असतात हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. तो खोडून काढणारा एक प्रयोग बेंगळुरूच्या कपडा कारखान्यांतच झाला.

‘शाही एक्स्पोर्ट्स’ ही तयार कपड्यांची निर्यात करणारी देशातली अगदी मोठी कंपनी. तिच्या बेंगळुरूच्या पाच कारखान्यांत ‘पेस’ नावाचं प्रशिक्षण दिलं गेलं. हा अभ्यासक्रम मुळात अमेरिकेच्या ‘गॅप’ या कपडे विकणाऱ्या कंपनीनं २००७ साली सुरू केलेला. साधारण ८० तासांचं हे शिक्षण आठवड्याला थोडं थोडं करत अनेक महिने चालतं. संवाद, वेळेचं आणि ताणाचं नियोजन, अडचण सोडवणं, निर्णय घेणं, पैशांचा व्यवहार, आरोग्य, कायद्यानं मिळालेले हक्क असे त्यातले विषय. शिवणकामाचा धडा नव्हता.

अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत नैषधम या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. नाव नोंदवणाऱ्या बायका सुमारे २,७०० होत्या आणि जागा त्याहून कमी. म्हणून सोडत काढून निवड झाली. ही सोडत फार महत्त्वाची. ती नसती तर मुळातच धीट आणि हुशार बायका पुढे आल्या आणि त्यांचंच काम चांगलं दिसलं, अशी शंका कायम राहिली असती. इथं निवडलेल्या आणि राहिलेल्या अशा दोन्ही गटांतल्या बायका एकाच तऱ्हेच्या होत्या. फरक होता तो शिक्षणाचा.

प्रशिक्षण संपल्यावर शिकलेल्या बायकांची उत्पादकता इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसली. त्या जास्त मोकळेपणानं बोलू लागल्या, त्यांच्याकडे जास्त किचकट शिलाईची कामं सोपवली जाऊ लागली. त्यांच्या लाइनवरच्या, वर्गात न बसलेल्या बायकांचं कामही सुधारलं. लाइनवरचं काम हातोहात पुढं जातं, तेव्हा एकीनं वेळेवर तोंड उघडलं की दहाजणींचा खोळंबा टळतो, हे त्यामागचं साधं कारण. प्रशिक्षण संपून आठ महिने होईपर्यंत कंपनीनं घातलेला पैसा वसूल होऊन वर अडीचशे टक्क्यांच्या आसपास निव्वळ परतावा मिळाला होता.

आणि बायकांचा पगार? तो वाढला सुमारे अर्धा टक्का.

या अभ्यासाचा उल्लेख बहुतेक वेळा कंपन्यांना प्रशिक्षणाची गोडी लावण्यासाठी होतो आणि ते योग्यच आहे. पण नोकरी करणाऱ्यानं त्यातला हा अर्धा टक्का आधी वाचायला हवा. कौशल्य खरं होतं, त्याचा फायदाही खरा होता, पण तो बाईच्या पदरात जवळजवळ पडलाच नाही. जास्त पगाराच्या शोधात या बायका इतरांपेक्षा जास्त संख्येनं बाहेर पडल्या असंही झालं नाही. शेजारच्या कारखान्याच्या गेटवर ती उभी राहिली, तर तिथला माणूस तिला मशिनवर बसवून कॉलर, कफ शिवून बघेल. हात किती सफाईदार आहे हे त्याला पाच मिनिटांत कळेल. सुई मोडल्यावर ती कशी वागते, हे कळायला त्याच्याकडे काहीच साधन नसतं. जे दिसत नाही त्याचे पैसे कुणी मोजत नाही.

म्हणूनच कौशल्य कमावणं आणि नोकरी शोधणं ही दोन वेगळी प्रकरणं मानू नयेत. शिकलेलं बाहेरच्या माणसाला दिसेल अशा रूपात आणणं हा नोकरीच्या शोधाचाच भाग आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच राहून जातो.

दक्षिण आफ्रिकेत यावर चांगलं काम झालं आहे. तिथं तरुणांची बेकारी भयंकर आहे आणि एकेका जागेला अर्जांचा ढीग पडतो. जोहान्सबर्गमध्ये ‘हरांबी’ या संस्थेनं नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या चाचण्या घेतल्या : संवाद, चिकाटी, एकाग्रता, नियोजन, आकडेमोड, नव्या कल्पना समजून घेणं. काहींना निकालाचं प्रमाणपत्र दिलं, जे अर्जासोबत जोडता येईल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रमाणपत्र मिळालेल्यांत नोकरी लागण्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी आणि कमाई ३४ टक्क्यांनी जास्त आढळली. ज्यांना निकाल फक्त स्वतःपुरता कळवला होता, त्यांचा फायदा यापेक्षा कमी राहिला. चाचणीनं कुणाचीही हुशारी वाढली नव्हती. ती मालकाला दिसली, एवढंच घडलं.

त्याच देशातला दुसरा प्रयोग याहून स्वस्त. आधीच्या मालकाकडून आणलेलं शिफारसपत्र अर्जाला जोडलं, तर बोलावणं येण्याचं प्रमाण ६० टक्क्यांनी वाढतं, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. या वाढीचा मोठा वाटा स्त्रियांचा होता. एका कागदाची ही किंमत.

आपल्याकडे नोकरी सोडताना जो कागद मिळतो तो अनुभवाचा दाखला. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना आदेशांतही कायम कामगाराला सेवा संपताना दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. हा दाखला घ्यावाच. पण त्यात बहुधा अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक पदावर काम केलं, वर्तणूक समाधानकारक, एवढाच मजकूर असतो. माणूस कसा वागतो, हे त्यातून कळत नाही. ते सांगणारं चार ओळींचं पत्र वेगळं मागावं लागतं, आणि मागायला लोक संकोचतात. साहेब रागावतील, आधीच राजीनामा दिलाय, वर पत्र कसं मागायचं?

यावर उपाय म्हणजे मसुदा स्वतः करून न्यायचा. सुपरवायझर किंवा मॅनेजरला कोऱ्या कागदाचा कंटाळा असतो. समोर लिहिलेलं असेल तर दोन शब्द बदलून सही करायला त्याची सहसा ना नसते. मसुद्यात ‘मेहनती व प्रामाणिक’ असं लिहून काही हाती लागत नाही, कारण प्रत्येकाच्या पत्रात तेच असतं. त्याऐवजी घडलेली गोष्ट लिहावी. ‘नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा यांनी काउंटरवरच्या दोघांना जेवणाच्या सुट्टीत शिकवलं आणि महिनाअखेरचे हिशेब वेळेवर झाले.’ असं एक वाक्य वाचणाऱ्याला थांबवतं. मुलाखतीतही तेच सांगता येतं : काय अडलं होतं, आपण काय केलं, पुढे काय झालं. आणि पत्र मागायची उत्तम वेळ राजीनाम्याच्या दिवसाची नव्हे, तर एखादं काम हातावेगळं झाल्यावर साहेब खूश असतात त्या आठवड्याची.

कागदाइतकाच उपयोग ओळखींचा. आपल्याकडे ओळख म्हटलं की वशिला आठवतो आणि स्वाभिमानी माणसं तिथंच मागं फिरतात. हे फार मोठं नुकसान आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं, ही नोकरी कळली कशी? निम्म्याहून अधिक जणांना ती ओळखीतून कळली होती. पण ती ओळख रोज भेटणाऱ्या मित्रांची क्वचितच होती. जुने सहकारी, कधीतरी भेटणारी माणसं हीच जास्त. त्यांचा १९७३ चा निबंध समाजशास्त्रात आजही गाजतो. २०२२ साली ‘लिंक्डइन’वरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीवरून हा विचार पुन्हा तपासला गेला, तेव्हाही अगदी जवळच्यांपेक्षा बेताच्या ओळखीच नोकरी बदलायला जास्त कामी आलेल्या दिसल्या. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत गेलेला सहकारी वेगळ्या जागांविषयी ऐकतो. शिवाय त्यानं आपल्याला कामाच्या गडबडीत पाहिलेलं असतं. त्याला फोन करून ‘तुमच्याकडे जागा निघाली तर कळवा’ एवढंच म्हणण्यात वशिल्याचा काही संबंध नाही. निवड पुढे आपल्या कामावरच होते.

उरला प्रश्न नेटानं शोधत राहण्याचा. तीन-चार नकारांनंतर बहुतेकांचा धीर सुटतो आणि दिवस नुसते जातात. दक्षिण आफ्रिकेतल्याच आणखी एका अभ्यासात तरुणांकडून पुढच्या काळाची योजना कागदावर लिहून घेतली : किती अर्ज, कुठं, कोणत्या दिवशी, कुणाला भेटायचं. शोधण्यात घालवलेले तास वाढले नाहीत, तरी अर्ज १५ टक्क्यांनी आणि नोकरीचे प्रस्ताव ३० टक्क्यांनी वाढले. योजना लिहिणाऱ्यांनी शोधाच्या वाटाही जास्त धरल्या. फक्त तोंडी चौकशीवर न राहता ते जाहिराती आणि नोंदणी केंद्रांकडेही वळले. इथल्या वाचकाला त्यासाठी राज्याचं ‘महास्वयम्’ पोर्टल, केंद्राची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ आणि जिल्ह्यातले रोजगार मेळावे आहेत. सोमवारी सकाळी वहीचं एक पान घ्यावं : डाव्या बाजूला वार, उजवीकडे त्या दिवशीचा अर्ज, फोन किंवा भेट. खाली एक रकाना शिफारसपत्राचा, कुणाकडे मागायचं आणि मसुदा कधी नेऊन द्यायचा याचा.

(पुढील भागात : पगाराची बोलणी कधी आणि कशी काढावी)