नोंद पाठवली म्हणजे पोचली नव्हे
(शेतकी विभागाकडून)



मागल्या गळीत हंगामात, डिसेंबरअखेर, खेड तालुक्यातील एक वयोवृद्ध सभासद आमच्या शेतकी कार्यालयात आले. रागावलेले नव्हते, पण एकदा टेकले ते उठायचं नाव काढीनात. म्हणाले, "साहेब, शेजारच्यानं माझ्यामागनं पंधरा दिवसांनी लागण केली. त्याची तोड होऊन रान नांगरून झालं. माझ्या उसाला तुरा आला. माझी पाळी कधी?"

यादी काढून पाहिली, तर त्यांच्या आडसाली लागणीची नोंदच नव्हती! आमच्या गटातील कर्मचाऱ्याने मात्र बांधावर उभे राहून, त्यांच्यादेखत मोबाइलवर नोंद केलेली होती. पडद्यावर 'पाठवली' अशी अक्षरेही उमटली होती. मग नोंद गेली कुठे?

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. मोबाइलने जातीच्या रकान्यात नुसते '८६०३२' धाडले. कारखान्याच्या संगणकातील यादीत ती जात 'को ८६०३२' अशी आहे. संगणकाने नोंद नाकारली आणि नाकारल्याचा निरोप परतही धाडला. पण तो निरोप वाचायची तजवीज मोबाइलमध्ये केलेलीच नव्हती. दोष संगणकाचा नव्हे, तो जोडताना आम्ही पुरते पाहिले नाही, हा दोष आमचा. त्या सभासदांचा ऊस जानेवारीत तुटला, पण वजनात आलेली घट आम्हांला भरून देता आली नाही. म्हणून हा कारभार कसा चालतो, ते सर्वांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कारखान्याच्या संगणकात भाग खाते, ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, काटा, बिले, भांडार असा सारा पसारा एका ठिकाणी असतो. बाहेरच्या कोणालाही थेट त्या खतावण्यांत हात घालू देत नाहीत. आपण हिशेब विभागात गेलो तर कपाट उघडून वही काढतो का? खिडकीवर कागद देतो, आतला कारकून तपासून उत्तर देतो. संगणकातही अशा खिडक्या असतात. त्यांना 'वेब सर्व्हिस' म्हणतात. काही खिडक्या सॉफ्टवेअरबरोबर तयार येतात. पण ऊस नोंद, खोडवा, तोडणीची पाळी या आपल्या कामांची खिडकी तयार मिळत नाही, ती आपल्यासाठी मुद्दाम करवून घ्यावी लागते.

अशा खिडकीचे नियम चार. एक, विचारणारा कोण, हे आधी पटले पाहिजे. त्यासाठी मोबाइलला थोड्या वेळाने आपोआप बाद होणारा परवाना मिळतो. दोन, परवाना कामापुरताच. नोंद करणाऱ्या मोबाइलला बिलाच्या वहीत डोकावता येऊ नये. तीन, कोणत्या रकान्यात काय लिहायचे, हे दोन्ही बाजूंना सारखेच ठाऊक हवे. मोबाइल एकर धाडतो आणि संगणक हेक्टर समजतो, असे झाले तर अडीच एकरांचा ऊस सुमारे सव्वासहा एकरांचा होऊन बसेल आणि टोळ्यांचे सारे गणित कोलमडेल. चौथा नियम सर्वांत मोठा : प्रत्येक कागदाची पोच मिळालीच पाहिजे, मग ती होकाराची असो वा नकाराची.

हे आम्ही शिकलो ते चाकणच्या रस्त्यावर. एके काळी चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आठवे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. आज आपल्या कितीतरी सभासदांची मुले या पट्ट्यात कामाला आहेत. त्यांतला एक सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बिलांचे काम पाहतो. त्याने आम्हांला जीएसटीचे ई-बिल दाखवले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या धंद्यांना, व्यापाऱ्याला माल विकताना, हे बंधनकारक आहे. कारखान्याचे सॉफ्टवेअर बिलाचा तपशील सरकारी नोंदणी संकेतस्थळाच्या खिडकीवर देते आणि तिथून ६४ अक्षरांचा क्रमांक व क्यूआर कोड परत येतो. "काका, हा नंबर आल्याबिगर गाडी गेटाबाहेर काढत नाही," पोरगा म्हणाला.

त्यात आणखी एक शहाणपण आहे. तो क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून तयार होतो. तेच बिल चुकून दोनदा धाडले तरी दुसऱ्यांदा नोंदले जात नाही. आपल्या काट्यालाही हेच हवे. मध्येच नेट तुटले, पोच आली नाही, म्हणून काट्याने तीच खेप पुन्हा धाडली तर एका खेपेच्या दोन होतील. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. घाईच्या त्या दिवसांत चुकीची खेप बिलात गेली तर मागाहून कपात करताना कारखान्याची आणि सभासदाची, दोघांचीही मने दुखावतात.

यंदापासून आम्ही तीन सुधारणा केल्या आहेत. मोबाइलवर 'पाठवली' हा शब्द काढून टाकला आहे. आता संगणकाने नोंद स्वीकारली तरच नोंद क्रमांक दिसतो, नाही तर नाकारण्याचे कारण मराठीत दिसते. जात यादीतूनच निवडायची, हाताने लिहायची नाही. प्रत्येक खेपेला काटा पावतीचाच क्रमांक लावला आहे, त्यामुळे तीच खेप दुसऱ्यांदा आली तर संगणक ती घेत नाही. शिवाय नाकारलेल्या नोंदींची यादी रोज संध्याकाळी आमच्या टेबलावर येते. ती निकालात काढल्याशिवाय आम्ही घरी जात नाही.

आता आपले काम. नोंद करून घेताना कर्मचाऱ्याकडून नोंद क्रमांक मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या पाठीवर का होईना, लिहून ठेवा. रेंज नसेल, क्रमांक आला नसेल, तर नोंद झाली असे समजू नका. दुसऱ्या दिवशी गट कार्यालयात विचारा. लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र स्वतः वाचून पाहा. वाचता येत नसेल तर घरच्या शिकत्या मुलामुलीला बांधावर सोबत न्या. काटा पावत्या बिल हातात येईपर्यंत फेकू नका.

ते वयोवृद्ध सभासद परवा खोडव्याच्या नोंदीसाठी पुन्हा आले होते. क्रमांक दाखवल्यावर त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, खिशातल्या डायरीत लिहून घेतला आणि म्हणाले, "आता चहा घेतो."

— ऊस विकास अधिकारी