शिक्षकवृंदातील परस्परसाहाय्य

प्राथमिक शाळेतील शिक्षकवृंद हल्ली एकाच गावचा किंवा एकाच तालुक्याचा असेलच असे नाही. आंतरजिल्हा बदलीने लातूरकडील शिक्षक नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात जातो. तेथील अनेक मुलांच्या घरची बोली पावरी, आणि शेजारच्या वर्गावर त्याच भागातील शिक्षिका. वय, जात, बोली, राहणी सारेच भिन्न. अशा मंडळींनी एकमेकांच्या अडचणीस धावून जावे ही अपेक्षा सर्वच करतात. ती फलद्रूप कशाने होते, याचा विचार मात्र थोडाच होतो.

१९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २२ मुलांच्या शिबिरात केलेला प्रयोग येथे उद्‌बोधक ठरेल. मुलांचे दोन गट करून त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावताच शिवीगाळ व एकमेकांचे झेंडे जाळणे येथवर मजल गेली. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविले, तर त्यांनी अन्नाचीच फेकाफेक केली. मग शिबिरचालकांनी मुद्दाम पाणीपुरवठ्यात बिघाड घडवून आणला. अन्न आणावयास जाणारी मालमोटार चालू होईना असे केले. ती ओढण्यास मुलांनी दोर बांधला, तो रस्सीखेचीचाच! अशी कामे एकामागून एक पार पडत गेली, तेव्हा वैर ओसरले. सहभोजन व स्नेहसंमेलन यांवरच विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अर्थात ही मुले एकाच धर्माची व सारख्याच परिस्थितीतील घरांची होती. त्यांच्यातील भेद कृत्रिम होता. आपल्याकडील भेद जुने आहेत. याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांनी भिन्न समूहांतील पूर्वग्रह कमी होण्यास समान ध्येय, सहकार्य व वरिष्ठांचा पाठिंबा यांबरोबरच समान दर्जाही आवश्यक मानला. आपण कमी पडतो ते नेमके येथेच. पाहुण्यांचा चहा व रांगोळी नेहमी शिक्षिकांकडे, यू-डायसची माहिती संगणकावर भरणे नेहमी नव्याने आलेल्या तरुणाकडे, हे साहाय्य नव्हे, भार लादणे होय. ज्याच्याकडून सदैव घेतले जाते व ज्याला कधी काही दिले जात नाही, तो लवकरच आपल्या वर्गाचे दार लोटून घेतो.

म्हणून मुख्याध्यापकांनी काम असे योजावे की ते एकट्याने होऊच नये. वर उल्लेखिलेल्या दोघांकडे पहिलीच्या मुलांसाठी पावरी व मराठी शब्दांचा तक्ता सोपवावा. बोली शिक्षिकेस अवगत आहे. वाचन शिकविण्याचा अनुभव समजा शिक्षकापाशी अधिक आहे. तक्त्याखाली दोघांचीही नावे असावीत. मुख्याध्यापकांनी स्वतःची अडचण प्रथम बोलून दाखविल्यास नवख्याचा संकोचही पुष्कळसा दूर होतो. परप्रांती आल्यासारखे वाटणारा मनुष्य आपण होऊन मदत मागण्यास सहसा धजत नाही. रजेवरील शिक्षकाचा वर्ग कोणी सांभाळला याची नोंद साध्या वहीत ठेवावी, आणि महिन्याअखेरीस ती वही सर्वांसमक्ष वाचून पुढील पाळ्या ठरवाव्यात.