‘मादाम द...’मधील दानिएल दारियू : एक पुनर्विचार

माक्स ओफ्यूल्स यांच्या ‘मादाम द...’ (१९५३) या चित्रपटाची चर्चा बहुधा त्यांच्या अखंड फिरत्या कॅमेऱ्यापाशी सुरू होते व तेथेच संपते. नायिकेची भूमिका करणाऱ्या दानिएल दारियू (१९१७–२०१७) यांच्या वाट्यास ‘लावण्य’ आणि ‘डौल’ एवढीच विशेषणे येतात. हा न्याय अपुरा होय.

प्रमाणादाखल मूर्च्छेचे प्रसंग पाहावेत. पतीने दिलेली कर्णभूषणे विकावयास गेलेली नायिका जवाहिऱ्याच्या दुकानात मूर्च्छेचे सोंग करते. पुढे मृगयेच्या वेळी दोनाती (व्हित्तोरियो दे सीका) घोड्यावरून पडताच तिला खरीच मूर्च्छा येते व मनातील गुपित उघडे पडते. शेवटी द्वंद्वयुद्धाच्या वेळी ती कोसळते, ती कायमचीच. कृती एकच, परंतु सोंग, सत्य व मृत्यू असा तिचा अर्थ पालटत जातो.

ही पुनरावृत्तीची योजना अभिनेत्रीची नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य करूनही प्रश्न उरतोच : योजनेतील अंतर प्रेक्षकास जाणवते कशामुळे? दोनातीला निरोप देताना नायिका प्रेमाचा नकार पुनःपुन्हा उच्चारते. शब्द नकाराचे, स्वर मात्र कबुलीचा. हा विरोध कॅमेऱ्याच्या गतीने निर्माण होत नाही. तो दारियू यांच्या कंठातून येतो.

म्हणून ओफ्यूल्स यांच्या शैलीचा विचार करताना दारियू यांचा अभिनय त्या शैलीचा अलंकार न मानता तिचा आधार मानणे युक्त ठरेल.