शेक द्या, पण जाणीव असेल तिथेच

आमची मंगळवार पेठ तालमींची. पाठ भरली, पाय मुरगळला की इथला माणूस आधी मिठाच्या पुरचुंडीचा नाहीतर रबरी पिशवीचा शेक घेतो. बहुधा आरामही पडतो. पण हाच शेक काहींना घातक ठरतो, म्हणून आजचा हा विषय.

गेल्या थंडीत पेठेतल्याच एका घरी मला बोलावणे आले. बांधकामावरून पडून मणक्याला मार बसलेला, कमरेखाली जाणीव नसलेला तरुण मुलगा. पाय गार लागले म्हणून आईने रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी दोन्ही टाचांवर मोठे फोड! "नुसता शेक दिला वो डॉक्टर, पोरगं एका शब्दानं बोललं न्हाई," माउली रडत म्हणाली. बोलणार कसे? त्याला कळलेच नव्हते. जखमा भरायला चार महिने लागले.

असे का होते? चटक्याची बातमी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते आणि आपण सावध होतो. मज्जारज्जूला इजा झाली की ही तारच तुटते. शिवाय त्या भागातील रक्तप्रवाहावरचे नियंत्रणही बिघडते, त्यामुळे उष्णता वाहून नेली जात नाही. ६० अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ५ सेकंदांत त्वचा भाजते. ४४ अंशांची उष्णताही काही तास लागून राहिली तर भाजते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर अशा चटक्याने रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोके ठणकून घाम फुटला, तर रुग्णाला बसते करून ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

वाचकहो, एवढे पाळा. जाणीव नसलेल्या भागाला शेक देऊ नका. पाय गार असतील तर मोजे, पांघरूण पुरे. चाकाची खुर्ची ढकलून खांदे दुखत असतील आणि तिथे जाणीव शाबूत असेल, तर जाड टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटे शेक चालेल. मात्र दर ५ मिनिटांनी त्वचा पाहा. शेक घेत झोपू नये. शस्त्रक्रियेत धातूच्या पट्ट्या बसवल्या असतील, तर विजेच्या यंत्राने शेक देणाऱ्याला ते आधी सांगा. बादलीत प्रथम गार पाणी, मग बंबातले; आणि पाणी जाणीव असलेल्या हाताने तपासा. चहाचा कप, गरम ताट मांडीवर नको. भाजलेच तर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका.

याच कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि चाकाच्या खुर्चीवरूनही केवढे काम होते ते दाखवले. पण बसण्याच्या जागी भाजले, तर तीच खुर्ची महिनोन् महिने सुटते.

त्या मुलाची आई आता रोज सकाळ-संध्याकाळ त्याचे तळपाय, टाचा नीट पाहते. त्याला जे कळत नाही, ते तिच्या डोळ्यांना कळते.