महाविद्यालयाचा चालू खर्च

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्या यांसाठी ओळखले जाते. खाणीत, भट्टीवर किंवा मालवाहतुकीत राबणाऱ्या घरांतील मुलामुलींना पदवी घ्यायची असेल, तर प्रामुख्याने वणीचीच वाट धरावी लागते. तेथील लोकमान्य टिळक महाविद्यालय संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्यांना नागपूर-पुण्याला खोली घेऊन राहणे परवडते, त्यांच्यापुढे अनेक पर्याय असतात. इतरांचे भवितव्य मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात शिक्षक आहेत की नाहीत, यावर अवलंबून असते.

अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदांचे वेतन शासन देते. याच व्यवस्थेमुळे ग्रामीण महाराष्ट्रात अल्प शुल्कात पदवी मिळू शकली. परंतु २००१ नंतर नव्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवरच परवानगी मिळू लागली. अनुदानित संस्थांतही निवृत्त प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहू लागल्या आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडे आले. त्यांना घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. सुट्टीच्या महिन्यांत तेही नसते. पीएच.डी. झालेली व्यक्ती अशा उत्पन्नावर संसार कसा चालवणार आणि विद्यार्थ्यासाठी वेळ कोठून काढणार?

याच काळात अपेक्षा मात्र वाढल्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. राज्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांच्या पदवीची नवी रचना लागू झाली. विषयांची मोकळी निवड, कौशल्य अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कार्यानुभव या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण त्यांतील प्रत्येकीसाठी माणसे लागतात. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला होता. २०२० च्या धोरणानेही ६ टक्क्यांचेच उद्दिष्ट पुन्हा मांडले. अर्धशतकानंतरही ते उद्दिष्टच राहिले आहे.

शासनाचा मदतीचा ओघ आता संस्थेकडून विद्यार्थ्याकडे वळतो आहे. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शुल्कमाफी मिळते. मुलींच्या शिक्षणासाठी हा निर्णय मोलाचा आहे. मात्र माफ केलेल्या शुल्काची प्रतिपूर्ती महाविद्यालयाच्या हाती पडेपर्यंत काळ लोटतो. व्यापारी घरांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. वहीत येणे दिसते, पण पगाराचे देणे आजच उभे असते. मोठ्या पेढीला हा काळ निभावता येतो. छोट्या गावच्या संस्थेची ओढाताण होते.

या जागी समाजाच्या दानाचा विचार नव्याने व्हायला हवा. शिक्षणासाठी दिलेली देणगी बहुधा सभागृह, प्रवेशद्वार किंवा वर्गखोली यांसाठी दिली जाते. वास्तू आवश्यक आहेच. पण कोणताही व्यवसाय केवळ दुकानाच्या इमारतीवर चालत नाही, त्याला खेळते भांडवल लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे वसतिगृहात धान्य नसताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते सोने मुलांच्या रोजच्या जेवणासाठी खर्ची पडले, आणि त्या जेवणावर शिकलेल्या पिढ्यांनी महाराष्ट्र घडवला.

तालुक्याच्या महाविद्यालयासाठी काही कुटुंबांनी एकत्र येऊन ध्रुवफंड उभारला, तर मूळ रक्कम कायम ठेवून केवळ व्याजातून एखाद्या तासिका शिक्षकाला सुट्टीतही मानधन देता येईल. राजूरहून येणाऱ्या विद्यार्थिनीचा बसपास काढता येईल, प्रयोगशाळेतील रसायने वेळेवर आणता येतील. ज्यांची पेढी आहे, त्यांना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेब, वस्तू व सेवा कर आणि मालसाठा यांचा प्रत्यक्ष अनुभवही देता येईल. नव्या धोरणातील कार्यानुभवाला अशाच जागा लागणार आहेत.

अर्थात, दान हे अनुदानाला पर्याय ठरू शकत नाही. मंजूर पदे भरणे आणि प्रतिपूर्ती वेळेवर देणे हे शासनाचेच कर्तव्य आहे, आणि त्याचा आग्रह धरणे हे कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे काम आहे. देणगी देताना संस्थाचालकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : या वर्षी किती पदे रिक्त आहेत? त्याचे उत्तर ऐकल्यावर देणगी कोठे जायला हवी, हे हिशेबी माणसाच्या सहज ध्यानात येईल.